न्यू रिव्हर गॉर्जचा पूल, खालून वर

शुक्रवार

वेस्ट व्हर्जिनियातला न्यू रिव्हर गॉर्जचा पूल गाडीत बसून पाहता येत नाही. यूएस १९ हा चौपदरी रस्ता डोंगरांतून वळणं घेत येतो, दोन्ही बाजूंना कठडे लागतात, झाडी एकदम खाली निघून जाते आणि पाऊण मिनिटात पलीकडच्या काठावरची झाडी सुरू होते. वर मनोरे नाहीत, केबल नाहीत, डोक्यावर कमान नाही. ५१८ मीटर गाळ्याची, म्हणजे दोन टेकूंमध्ये एवढं अंतर असलेली, पोलादी कमान आहे, पण ती सगळी रस्त्याच्या खाली. १९७७ साली पूल खुला झाला तेव्हापासून २००३ मध्ये शांघायचा लुपू पूल होईपर्यंत, कमानीच्या पुलांत एवढा मोठा गाळा जगात दुसरा नव्हता. त्याआधी हा मान १९३१ पासून न्यू यॉर्कजवळच्या बायोन पुलाकडे होता. सिडनी हार्बरचा पूल त्याच्यापेक्षा थोडक्यात मागे राहिला होता.

बाबा भारतातून आमच्याकडे पिट्सबर्गला आले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त, नोकरीचा बराचसा काळ रायगड आणि रत्नागिरीत. नायगारा आणि न्यू यॉर्क आधीच झालं होतं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला कुठे जाऊ या असं विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार न करता या पुलाचं नाव घेतलं. अमेरिकेत येऊन कुणी पूल बघायला चला म्हणतं याचं माझ्या नवऱ्याला नवल वाटलं. मला वाटलं नाही. माझं लहानपण साकव, मोऱ्या आणि पुलांच्या साइटवरच्या जीपमध्ये गेलं आहे.

पिट्सबर्गहून आय-७९ धरून सरळ दक्षिणेला यायचं. वाटेत फेअरमाँट लागतं. इथला पेपरोनी रोल प्रसिद्ध आहे: पावाच्या आतच मांस घालून भाजलेला रोल, खाणीत उतरणाऱ्या इटालियन कामगारांचा डबा. वेस्ट व्हर्जिनियात पुढे तीन दिवस जे जे दिसलं त्याच्या मुळाशी कोळसा होता, त्याची ही पहिली खूण. आम्ही आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. सटनपाशी यूएस १९ घेतला, समर्सव्हिल मागे टाकलं आणि दुपारी पुलावरून पलीकडे गेलोसुद्धा. बाबा पुढच्या सीटवर होते. पलीकडे गेल्यावर ते म्हणाले, "जॉइंटवर गाडी उडाली नाही. चांगला ठेवलाय." आणि मग, "पण पुलाची तपासणी कधी वरून होत नाही. उद्या खाली जाऊ."

संध्याकाळी उत्तर काठावरच्या कॅन्यन रिम माहिती केंद्रात गेलो. तिथून १७८ लाकडी पायऱ्या उतरल्या की सज्जा आहे. तिथे कमान पहिल्यांदा समोर आली. रंग विटकरी तपकिरी, ऑक्टोबरात लाल पिवळ्या होत आलेल्या मेपलच्या रांगेतलाच. बाबा बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. कमानीवर उभ्या असलेल्या खांबांच्या जोड्या त्यांनी डावीकडून उजवीकडे बोटाने मोजल्या, मग उजवीकडून डावीकडे.

शनिवार

पूल होण्याआधी इथली माणसं दरी कशी ओलांडत, ते कळायला फेयेट स्टेशन रोडने उतरायला हवं. हा जुना रस्ता उत्तर काठावरून नागमोडी खाली जातो, नदीवरच्या लहान पुलाने पलीकडे जातो आणि तसाच वळत फेयेटव्हिलकडे चढतो. रस्ता इतका अरुंद की आता बराचसा एकेरी केलेला आहे. खडकाला खेटून जाणारी वळणं, दुसऱ्या बाजूला थेट उतार. बाबा म्हणाले, "वरंध घाटात नव्याने रुजू झालो तेव्हा असाच रस्ता होता." हा सगळा उतार-चढ पार करायला चाळीस मिनिटं लागत, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की त्याहून जास्त. आज वरून पाऊण मिनिट लागतं.

दरीत वस्ती आली ती रेल्वेमुळे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग १८७३ मध्ये या दरीतून पुरा झाला आणि दोन्ही कड्यांतल्या कोळशाला बाजार मिळाला. नटलबर्ग, केमूर, फेयेट स्टेशन अशी खाणींची गावं उताराला चिकटून उभी राहिली. दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय मजूर, इटली आणि पूर्व युरोपातून आलेली माणसं इथे राबली. कृष्णवर्णीयांचा इतिहास हा अभ्यासविषय म्हणून ज्यांनी उभा केला ते कार्टर वुडसन तरुणपणी याच दरीतल्या खाणींत काम करत. केमूरची खाण १९६२ मध्ये बंद पडली. आज तिथे झाडी आहे आणि झाडीत कोळशाचा कोक करायच्या भट्ट्यांचे अवशेष.

खालचा लहान पूल मूळचा १८८९चा. आता तिथे नवा आहे आणि त्याला टनी हन्सेकर यांचं नाव दिलं आहे. फेयेटव्हिलचे हे पोलीसप्रमुख मुष्टियोद्धेही होते. ऑक्टोबर १९६० मध्ये लुईव्हिलला एका अठरा वर्षांच्या पोराने व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली लढत खेळली, ती हन्सेकर यांच्याशी. सहा फेऱ्यांनंतर पोरगा गुणांवर जिंकला. तो म्हणजे कॅशियस क्ले, पुढचा मुहम्मद अली. हे वाचून मला फार आनंद झाला. एवढ्याशा पुलाला इतकं देखणं नाव क्वचित मिळतं.

या लहान पुलाजवळ गाडी लावून वर पाहिलं. २६७ मीटर उंचीवर रस्त्याची एक पातळ रेघ, आणि तिच्याखाली दोन्ही कड्यांच्या झाडीतून निघून मधोमध मिळणारी कमान. एकावर एक तीन कुतुबमिनार ठेवले आणि वर आणखी अर्धा, तरी रस्ता वरच राहील. वरून जाणारा ट्रक दिसतो, पण ऐकू येत नाही. नदीचा आवाज मात्र सतत.

कमानच का, हे इथे उभं राहिलं की आपोआप कळतं. दरीत पिअर, म्हणजे पुलाचे खांब, उभे करायचे तर दोन-अडीचशे मीटर उंचीचे करावे लागणार, आणि खाली नदी, रेल्वे आणि खचणारे उतार. कमानीला मध्ये टेकू लागत नाही. तिच्यावर जे वजन येतं ते ती दोन्ही टोकांकडे ढकलते, खाली आणि बाहेर. म्हणून तिला दोन्ही बाजूंना न हलणारा खडक हवा. मैदानात कमान बांधायची तर हा रेटा अडवायला अवाढव्य काँक्रीट ओतावं लागतं. इथे तर निसर्गाने वाळूखडकाची भिंत दोन्हीकडे उभी करून ठेवली आहे.

बाबांनी माहितीपत्रकाच्या पाठीमागे कमान काढून दाखवली. ही दोन बिजागऱ्यांची कमान आहे, म्हणजे पायथ्याशी दोन्हीकडे ती पक्की गाडलेली नाही, जराशी फिरू शकते. उन्हाळ्यात पोलाद वाढलं की कमानीचा माथा किंचित उचलला जातो, थंडीत खाली बसतो, आणि पायथ्याशी वाकण्याचा ताण येत नाही. ९२४ मीटर लांबीच्या पोलादाला हिवाळा ते उन्हाळा पन्नास अंशांचा फरक धरला तर लांबी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त बदलते. हा हिशेब त्यांनी तोंडीच केला. रस्त्याच्या भागाला या वाढीसाठी जागा एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या फटींतून, मिळते, कमानीला माथा हलवून.

कमान भरीव का नाही, त्रिकोणांच्या जाळीची का, हेही मी विचारलं. "समान वजन आलं तर भरीवही चालली असती," ते म्हणाले. "पण पुलाच्या अर्ध्या भागावरच ट्रक आले की कमान एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला फुगायला बघते. तेव्हा ती वाकायला नको. जाळीला खोली असते, ती हे वाकणं थोपवते. वाराही आरपार जातो. आणि तुकडे हलके, उचलता येतात."

मग आम्ही नदीकाठच्या दगडावर बसलो आणि बोलणं वेगळ्याच पुलाकडे गेलं. याच राज्याच्या पश्चिम सीमेवर पॉइंट प्लेझंट नावाचं गाव आहे. तिथे ओहायो नदीवर १९२८ साली सिल्व्हर ब्रिज बांधला होता, टोकांना डोळे, म्हणजे गोल भोकं, असलेल्या लांब पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला. १५ डिसेंबर १९६७च्या संध्याकाळी, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत तो कोसळला. ४६ माणसं गेली. एका पट्टीच्या डोळ्यात अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. प्रत्येक कडीत पट्ट्या दोनच, त्यामुळे एक तुटली तेव्हा भार घ्यायला कुणी उरलं नाही. या एका दुर्घटनेनंतर अमेरिकेत सगळ्या रस्तेपुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले. १९७१ पासून साधारण दर दोन वर्षांनी प्रत्येक पूल तपासायचा.

बाबांना हे ठाऊक होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सावित्री." महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं घेऊन. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते, पण त्या रस्त्यावर त्यांनी कितीतरी वर्षं ये-जा केली होती. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुलाखाली उतरायचं, पिअरच्या पायाशी खरवड झाली आहे का, म्हणजे पाण्याने माती वाहून गेली आहे का, बघायचं, दगडांच्या सांध्यांतला चुना निघाला आहे का बघायचं, हे त्यांच्या नोकरीतलं दरवर्षीचं काम. "वरून डांबर गुळगुळीत असलं की लोकांना वाटतं पूल चांगला आहे," एवढंच ते म्हणाले. मला त्या क्षणी कळलं की त्यांना हाच पूल का पाहायचा होता आणि तो खालूनच का.

रविवार

या पुलाच्या रस्त्याखाली, कमानीच्या वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एक अरुंद पायवाट आहे. ती तपासणी आणि देखभालीसाठीच केलेली. रुंदी २४ इंच. नदीपासून उंची ८५१ फूट. आता वाटाड्यांबरोबर पर्यटकांनाही तिच्यावरून नेतात. कमरेला आणि खांद्यांना पट्टे, पट्ट्याचा हूक वरच्या तारेला अडकवलेला, आणि एकामागे एक चालायचं. वरच्या रस्त्यावर पायी जायला एरवी मनाई आहे, त्यामुळे पुलाला हात लावायचा असेल तर हाच मार्ग.

नवरा आला नाही. त्याला उंची सोसत नाही. बाबांचा रक्तदाब तपासून, डॉक्टरांशी आधीच बोलून आम्ही दोघं गेलो. पहिली काही पावलं मी फक्त समोरच्याच्या पाठीकडे पाहत टाकली. मग डोक्यावरून ट्रक गेला. धडधड आधी हातातल्या कठड्यात आली, मग पायात, आणि मग कानात. बाबा थांबले आणि कठड्यावर पंजा सपाट ठेवून पुढच्या ट्रकची वाट पाहू लागले. मागचे लोक सौजन्याने थांबले.

इथे पोलाद हाताच्या अंतरावर असतं. त्याला रंग दिलेलाच नाही. हे कॉर-टेन, यूएस स्टीलचं पोलाद. त्यात तांबं, क्रोमियम अशा धातूंचं थोडं प्रमाण मिसळलेलं असतं. साधं लोखंड गंजतं तेव्हा पापुद्रे सुटतात, आत नवं लोखंड उघडं पडतं आणि ते पुन्हा गंजतं. कॉर-टेनवरचा गंज बारीक, घट्ट आणि चिकटून बसणारा असतो. पहिल्या काही वर्षांत तो थर तयार झाला की आत हवा-पाणी फारसं शिरत नाही. बोटाने चोळला तर किंचित खरखरीत लागतो, जवळजवळ जांभळट दिसतो, आणि बोटाला फारसं काही येत नाही. एवढ्या उंचीवर सुमारे ४०,००० टनांचा पूल दर काही वर्षांनी खरवडून रंगवायचा म्हणजे केवढा खर्च आणि केवढा धोका, ते या पायवाटेवर उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

पण या पोलादाची अट आहे. ते भिजलं पाहिजे आणि वाळलंही पाहिजे. जिथे पाणी साचून राहतं, पानं अडकून कुजतात, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ जॉइंटमधून ठिबकतं, तिथे तो संरक्षक थर बसतच नाही आणि पोलाद साध्या लोखंडासारखं झिजत जातं. बाबा म्हणूनच प्रत्येक सांध्याखाली वाकून बघत होते. "आपल्या कोकणात चालायचं नाही हे," ते म्हणाले. समुद्राकाठची खारी हवा त्या थराला मानवत नाही. रेवस ते रेडी कुठेही खाडीवर असा बिनरंगाचा पूल उभा केला तर तो खाऊन जाईल. हा पूल समुद्रापासून शेकडो मैल आत आहे, म्हणूनच हे जमलं. कमानीसाठी खडक आणि पोलादासाठी हवा, दोन्ही याच जागेने दिलं.

पायवाटेच्या मध्यावर, कमानीच्या माथ्यावर वाटाड्याने सगळ्यांना थांबवलं. तिथे मी बांधणीबद्दल विचारलं. दगडी कमान बांधताना खाली लाकडी सेंटरिंग करतात, कमान पुरी झाली की ते काढतात. इथे जमिनीपासून सेंटरिंग करायचा प्रश्नच नव्हता. १८७४ मध्ये जेम्स ईड्स यांनी सेंट लुईसला मिसिसिपीवर पोलादी कमानींचा पूल बांधला तेव्हा नदीतली वाहतूक बंद करता येत नव्हती, म्हणून त्यांनी कमानीचे अर्धे भाग दोन्हीकडून हवेत पुढे पुढे वाढवत नेले. रीत तीच, शंभर वर्षांनी ती या दरीवर आली.

दरीच्या दोन्ही काठांवर प्रत्येकी ३३० फूट उंचीचे मनोरे उभे केले आणि त्यांच्यामध्ये तीन इंच जाडीच्या तारा ३,५०० फूट ताणल्या. या तारांवरून ट्रॉल्या धावत आणि पोलादाचे तुकडे हवेतून नेमक्या जागी नेऊन सोडत. सर्वांत जड तुकडा अमेरिकी हिशेबाने ९० टनांच्या वर होता. पहिलं पोलाद जून १९७४ मध्ये दरीवर आलं. कमानीचे दोन्ही अर्धे भाग मागच्या खडकाला तारांनी बांधून, तोल सांभाळत एकमेकांकडे आणले. ते मधोमध मिळेपर्यंत कमान ही कमान नसतेच. नुसते दोन हात दरीवर लोंबत असतात, आणि तारा सुटल्या तर सगळंच खाली. मधला तुकडा बसला की रेटा सुरू होतो आणि त्या तारा मोकळ्या करता येतात. त्या दिवसांत इथे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटला. आमच्या पट्ट्याला दोन हूक होते आणि तरी माझे तळवे ओले होते.

आराखडा मायकेल बेकर कंपनीचा, मुख्य अभियंता क्लॅरेन्स नुडसन. बांधणी यूएस स्टीलच्या अमेरिकन ब्रिज विभागाची. खर्च सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर. २२ ऑक्टोबर १९७७ रोजी रस्ता खुला झाला.

पलीकडे पोचल्यावर बाबांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "वरिष्ठांच्या ऑर्डरीवाचून केलेली ही माझी पहिली तपासणी." आणि मनापासून हसले. ते असे हसलेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

सोमवार

परत निघण्याआधी लाँग पॉइंटची पायवाट केली. फेयेटव्हिलच्या बाजूने जंगलातून जाते, जायला दीड मैलाच्या थोडं वर, बरीचशी सपाट. शेवटी एक उघडी कातळसोंड आहे, कठडा नाही, मुलांना हाताला धरून ठेवावं. तिथून पूल पूर्ण दिसतो, दोन्ही पायथ्यांसह. बाबांची दुर्बीण होती. कमान खडकात जिथे टेकते ती जागा त्यांनी शोधून काढली आणि मला दाखवली. एवढा मोठा पूल आणि टेकण्याची जागा केवढीशी! त्यांना फोटो काढायचा नव्हता, मी काढला.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर सुटे आले त्यात २००५ सालचं वेस्ट व्हर्जिनियाचं क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, निघालं. त्याच्या पाठीवर हाच पूल आहे. ते बाबांना दिलं.

पिट्सबर्गला शिरताना शहराच्या मध्यभागची यूएस स्टीलची ६४ मजली इमारत दिसते. रोज बघून मला तिचं काही वाटेनासं झालं होतं. तिचे बाहेरचे खांबही कॉर-टेनचेच, पुलाच्या काही वर्षं आधी उभे केलेले, तेही बिनरंगाचे. सुरुवातीच्या वर्षांत थर बसत होता तेव्हा तांबूस पाणी ओघळून खालच्या फुटपाथवर डाग पडले होते. दरीत खाली पाऊस, नदी आणि झाडं. तिथे त्या डागांची तक्रार करायला कुणी नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी 'ब्रिज डे' असतो, १९८० पासून चालू आहे. वर्षातून त्या एका दिवशी पुलावर पायी चालता येतं, आणि पॅराशूट घेऊन उड्या मारणारे दुरून येतात. मात्र त्या दिवशी यूएस १९ वाहनांना बंद असतो, म्हणून उत्तरेकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच पोचावं आणि हाताशी असलेल्या वेळात फेयेट स्टेशन रोडने खाली उतरून यावं. रस्ता बराचसा एकेरी असल्यामुळे सुरुवात उत्तर काठावरून करावी. मोठी गाडी किंवा कॅम्पर घेऊन त्या वळणांवर जाऊ नये. पायवाटेवरच्या सहलीचं आरक्षण शरद ऋतूत लवकर भरतं. बरोबर कुणी निवृत्त अभियंता असेल तर वाटाड्याला आधीच सांगून ठेवा की तुमच्या गटाला जरा जास्त वेळ लागेल.